दाताचे इम्प्लांट: दुखणे थांबल्यानंतरचे तीन महिने कसे काढावेत

गेल्या नऊ वर्षांत माझ्या तोंडात तीन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे टिटॅनियमचे स्क्रू, ज्यांवर कृत्रिम दात बसतो) बसले, त्यांतले एक निघून आले म्हणून पुन्हा बसवावे लागले, आणि पत्नी, थोरले बंधू व गल्लीतील चार-पाच जण यांच्यासोबत मी निपाणीहून बेळगाव, कोल्हापूर आणि मिरज या तिन्ही वाटांनी खेपा घातल्या आहेत. या काळात शस्त्रक्रियेपेक्षा फुकटच्या सल्ल्यांनी मला अधिक छळले. कोणी सांगतो की हाडात ड्रिल घालतात तेव्हा जीव जातो. कोणी सांगतो की तीन दिवसांत फिक्स दात मिळतो आणि चौथ्या दिवशी मटणाला बसावे. पहिल्याचे ऐकून माणसे वर्षानुवर्षे कवळी सांभाळत बसतात आणि दुसऱ्याचे ऐकून चांगला बसलेला इम्प्लांट घालवतात.

सुरुवातीच्या तपासण्या डॉक्टर सांगतीलच. जबड्याच्या हाडाची उंची-रुंदी दाखवणारा सीबीसीटी स्कॅन आणि मधुमेह असल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी टाळू नये. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा वर्षातून एकदाचे इंजेक्शन घेतलेले असेल तर ते न विचारताही सांगावे, कारण त्या औषधांमुळे जबड्याचे हाड भरून येण्यात अडथळा येऊ शकतो. दाढ काढून बराच काळ लोटला असेल तर तेथील हाड झिजून अरुंद झालेले असते आणि कृत्रिम हाड भरावे लागू शकते. हा फसवणुकीचा प्रकार नव्हे, मात्र त्याचा खर्च आधी विचारून घ्यावा. हाडातील स्क्रू, त्यावरचा जोडखांब आणि वरची कॅप या तिन्हींचे दर स्वतंत्रपणे कागदावर लिहून घ्यावेत, कारण ‘इम्प्लांट एवढ्याला’ असे सांगितलेल्या रकमेत पुष्कळदा फक्त स्क्रू असतो.

बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ यांची दंतमहाविद्यालये आहेत. शिक्षणसंस्थेत काम करून घेताना खेपा आणि वेळ जास्त लागतो, हे धरूनच जावे. संमतिपत्र आपल्या भागात बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असते. ते मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. समजावून सांगायला कोणी नाही म्हटले, असे मला आजवर एकदाही घडलेले नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एका दाताला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो, भूल तेवढ्याच जागेपुरती दिली जाते, आणि दाढ काढण्यापेक्षा त्रास कमीच होतो. ड्रिल हळू फिरते व त्यावर सतत सलाइनचे पाणी पडत असते, कारण हाड 47 अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापले तरी इजा पावते. शेवटी स्क्रू आवळताना पान्याचा बारीक टकटक आवाज जबड्यातून थेट कानात येतो. त्याला घाबरू नये. पहिल्या दिवशी बर्फाने शेकावे, थुंकू नये व खळखळून चुळा भरू नयेत, दिलेल्या गोळ्या पूर्ण कराव्यात, मऊ भात किंवा गार केलेली आंबील घ्यावी, आणि आठ-दहा दिवसांनी टाके काढून घ्यावेत.

आता ज्या टप्प्यासाठी हा लेख लिहिला, तो येथून सुरू होतो.

टाके निघाले, सूज उतरली, दुखणे थांबले की माणसाला वाटते, काम झाले. माझेही तसेच झाले. खालच्या उजव्या बाजूची पहिली दाढ होती. स्क्रूवर तात्पुरती लावलेली धातूची छोटी, गोल, गुळगुळीत टोपी हिरडीतून वर दिसत होती आणि ती दगडासारखी घट्ट लागत होती. चौथा आठवडा चालू होता, ऊसतोडीचा हंगाम होता, आणि फडाच्या बांधावर बसून मी दातांनी ऊस सोलून खाल्ला. डाव्या बाजूने सुरुवात केली होती, पण सवयीने कांडे कधी उजवीकडे गेले ते कळले नाही. दुखले मुळीच नाही. म्हणून घरी गेल्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणीही त्याच बाजूने चालू झाली. सातव्या आठवड्यात रात्री झोपताना जीभ सहज त्या टोपीला लागली आणि ती केसभर हलल्यासारखी वाटली. दोन दिवसांनी डॉक्टरांनी टोपीवर आरशाची दांडी हलकेच वाजवली; खणखणीत आवाज यायला हवा होता, तो बद्द आला. त्यानंतर त्यांनी तो स्क्रू जवळजवळ बोटांच्या जोरानेच फिरवून बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या नखापेक्षा थोडासा लांब, त्याच्या आट्यांना हाडाचा कणही चिकटलेला नव्हता, फक्त पातळ मऊ पेशींचा थर होता. पुन्हा बसवण्याआधी चार महिने जागा भरू द्यावी लागली.

असे का होते, हे कळल्यावर पथ्य पाळणे मला सोपे गेले. बसवताना स्क्रूला मिळणारी पकड लाकडात आवळलेल्या स्क्रूसारखी केवळ दाबाची असते. शरीर हळूहळू ते दाबले गेलेले जुने हाड विरघळवते आणि त्याच्या जागी नवे हाड टिटॅनियमच्या पृष्ठभागावर बांधत आणते. जुनी पकड सुटत चालली आहे आणि नवी अजून पुरती तयार झालेली नाही, असा काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास येतो, म्हणजे शस्त्रक्रियेच्या दिवशी जेवढा घट्ट होता त्यापेक्षा त्या वेळी इम्प्लांट कमजोर असतो. आणि नेमके तेव्हाच दुखणे पूर्ण थांबलेले असल्याने आपण निर्धास्त होतो. या काळात स्क्रू एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जरी वारंवार हलत राहिला, तरी हाडाऐवजी मऊ पेशींचे वेष्टण तयार होते, आणि ते एकदा झाले की पुढे कितीही जपून काही उपयोग होत नाही.

टिटॅनियम आणि हाड यांची ही सोयरीक स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1952 मध्ये सशाच्या पायाच्या हाडावर काम करताना ध्यानात आली. आत बसवलेले टिटॅनियमचे उपकरण निघता निघेना. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले, आणि त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्याला तीनेक महिने व वरच्या जबड्याला, तेथील हाड भुसभुशीत असल्याने, सहाएक महिने थांबत. आज स्क्रूचा पृष्ठभाग सुधारल्यामुळे काहींचा अवधी कमी झाला आहे, आणि अनेक इम्प्लांट एकमेकांना जोडून लगेच दात देण्याची पद्धतही खरी आहे. परंतु एकट्या दाढेसाठी ‘तीन दिवसांत फिक्स’ अशी जाहिरात वाचून कोणी निघाला असेल तर मी त्याला स्टँडवरूनच परत फिरवीन.

या महिन्यांत त्या बाजूने काहीही चावू नये. ‘मऊ असेल तर चालते’ असे म्हणून सुरुवात केलेली बाजू चार दिवसांत भडंग खाऊ लागते. बेळगावचा कुंदा दुसऱ्या बाजूने खुशाल खावा. गोकाकचा करदंट मात्र दोन्ही बाजूंनी टाळावा, कारण तो चिवट चिकटतो आणि जीभ त्याला कोठे ढकलील याचा नेम नसतो.

समोरचा दात गेलेला असेल तर तात्पुरती काढती प्लेट देतात, आणि चावण्यापेक्षा तिचा धोका जास्त, कारण ती गप्प बसून दाबत राहते. माझ्या पत्नीच्या प्लेटखाली इम्प्लांटच्या जागी हिरडीवर पांढरट वण उठू लागला, तेव्हा डॉक्टरांनी आतून प्लेट खरडून तेथे पोकळी केली. प्लेट लावून पाच मिनिटांनी काढावी आणि त्या जागी दाबाचा ठसा दिसला तर त्याच आठवड्यात दाखवावे. रात्री ती लावून झोपू नये.

तंबाखूबद्दल, तंबाखूचीच पेठ असलेल्या निपाणीच्या माणसाने लिहावे हे थोडे विचित्रच, पण लिहितो. विडी-सिगारेटने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका ठळकपणे वाढतो. गालात धरलेली तंबाखू-चुन्याची गोळी जखमेला चिकटून बसते, आणि मशेरी घासताना बोट नेमके त्याच हिरडीवर फिरते. ‘फक्त टाके निघेपर्यंत बंद’ हा सौदा मी दोघांना करताना पाहिला आहे, आणि दोघांनाही पुन्हा पैसे मोजावे लागले.

टोपी हलली म्हणजे नेहमीच इम्प्लांट गेला असेही नाही. कित्येकदा टोपीचा स्वतःचा आटा ढिला होतो आणि ती जिभेने गोल फिरते. ती बोटाने आवळू नये, गिळली जाऊ नये म्हणून जपावे आणि डॉक्टरांना दाखवावे. दोन मिनिटांचे काम असते.

हाड जुळल्यावर माप देणे, जोडखांब लावणे आणि कॅप बसवणे हे दोन-तीन खेपांत होते. शक्य असेल तेथे सिमेंटने चिकटवलेल्या कॅपऐवजी स्क्रूने आवळलेली कॅप मागावी, असे माझे ठाम मत आहे: पुढे ढिली झाली तर ती न फोडता काढता येते आणि हिरडीखाली सिमेंट राहून पू होण्याची भीती नसते. कृत्रिम दाताला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतालची हिरडी सुजते व हाड झिजते, म्हणून दातांमधल्या फटीचा बारीक ब्रश रोज रात्री वापरावा आणि वर्षातून एकदा तपासून घ्यावे.

इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर मागून घ्यावे. बंधूंची कॅप पुण्यात मुलाकडे असताना ढिली झाली, आणि तेथील डॉक्टरांनी सर्वांत आधी कंपनी विचारली, कारण प्रत्येकीचा पाना वेगळा असतो. आमच्या घरी ही स्टिकरे रेशन कार्डाच्या पिशवीत असतात. वहिनींनी फोटो काढून पाठवला आणि त्याच दुपारी काम झाले.