घरच्या मीडिया सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत घरी मीडिया सर्व्हर (घरातले सिनेमे-व्हिडिओ टीव्ही-मोबाइलवर पुरवणारा संगणक) बसवणाऱ्यांचं सामान बहुतेक ठरलेलं असतं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ऑफिसवापराचा जुना छोटा डेस्कटॉप, ८ जीबी रॅम आणि सिनेमे, लग्नाचे नि गणपतीचे व्हिडिओ भरलेली एक-दोन डिस्क. एवढ्यात उत्तम सर्व्हर होतो. घोळ होतो तो ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना, कारण यूट्यूबवर ज्याचा डॅशबोर्ड देखणा दिसला ते टाकून लोक मोकळे होतात. आधी दोन गोष्टी बघा: डिस्कवर आत्ता कोणती फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) आहे, आणि इंटेलचा प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे.

भरलेली डिस्क थेट ट्रूनॅसच्या हवाली करणं

ही सगळ्यात महाग चूक, आणि ती पुन्हा पुन्हा होते. ट्रूनॅस ही साठवणीच्या सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम, ती झेडएफएस नावाच्या फाइल सिस्टिमवर चालते. विंडोजवर भरलेली डिस्क बहुधा एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमची असते. पूल, म्हणजे डिस्कचा एकत्र साठा, बनवताना ती डिस्क पुसली जाते. तसा इशारा पडद्यावर येतो, त्याखाली टिक करायचा चौकोनही असतो. पण घाईत तो वाचतो कोण? घोडबंदर रोडवरच्या एका घरात ४ टीबीची डिस्क अशीच गेली. मुंज, बारसं, आजोबांची पंच्याहत्तरी, सगळं त्या एकाच डिस्कवर, दुसरी प्रत नाही. त्याहून वाईट म्हणजे रिकाम्या पूलवर लगेच नवे सिनेमे उतरवायला घेतले. जुना डेटा जिथे होता तिथेच नवा लिहिला गेला आणि रिकव्हरीची उरलीसुरली आशाही संपली. असं झालं तर त्या क्षणी मशीन बंद करायचं, डिस्क काढून ठेवायची, तिच्यावर एक अक्षरही लिहू द्यायचं नाही.

म्हणून कुठलीही सिस्टिम टाकताना डेटाच्या डिस्कची साटा केबल काढून ठेवा. इन्स्टॉलरला दिसलीच नाही तर पुसली जाणार नाही. एकच भरलेली डिस्क असेल तर साधं डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) किंवा त्यावरच बेतलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट घ्या. दोन्हींवर एनटीएफएस तशीच जोडता येते. त्याआधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करून मशीन पूर्ण शटडाउन करा, नाहीतर लिनक्स ती डिस्क जोडायला नकार देतं किंवा फक्त वाचू देतं. पुढे दुसरी डिस्क आली की ती ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) करून सगळं तिकडे हलवा. ट्रूनॅस चांगलीच आहे, पण तिला एकसारख्या दोन रिकाम्या डिस्क, बूटसाठी वेगळी एसएसडी आणि किमान ८ जीबी रॅम लागते. यूएसबी डब्यातल्या डिस्कवर ती चालवू नका. एसएमआर प्रकारच्या (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्कही टाळा. एक डिस्क बदलायची वेळ आली की पूल पुन्हा भरायला फार वेळ लागतो.

वीज गेल्यानंतरचा विचार न करणं

पावसाळ्यात वीज जाते आणि येते. सर्व्हर चालू होतो, पण यूएसबी डिस्क जागी व्हायला वेळ घेते. डेबियनमध्ये एफएसटॅब फाइलीत (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहिलेलं नसेल तर सिस्टिम दीड मिनिट वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये अडकते. मग कपाटामागच्या डब्याला मॉनिटर-कीबोर्ड लावत बसा. ‘नोफेल’ लिहिलं तर सर्व्हर सुरू होतो, पण डिस्कच्या जागी नुसतं रिकामं फोल्डर असतं. डाउनलोड त्यातच म्हणजे १२८ जीबीच्या बूट एसएसडीवर पडत राहतात. ती भरली की सिनेमे दाखवणाऱ्या जेलीफिन या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही. नंतर डिस्क जोडली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. एसएसडी भरलेली दिसते, पण कशाने ते सापडत नाही.

उपाय असा. डिस्कची नोंद यूयूआयडीने (तिच्या ओळखक्रमांकाने) करा, ‘नोफेल’ ठेवा, डिस्कची वाट पाहायची मुदत ६० सेकंद द्या. डिस्क जोडलेली नसताना ते रिकामं फोल्डर चॅटर आदेशाने ‘+आय’ करून कुलूपबंद करा, म्हणजे डिस्क नसेल तर तिथे काहीच लिहिलं जाणार नाही. बायोसमध्ये वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याचं सेटिंग लावा. ६०० व्हीएचा यूपीएस घेणार असाल तर यूएसबी पोर्टवाला घ्या, तरच सिस्टिमला वीज गेल्याचं कळेल आणि ती स्वतःहून नीट बंद होईल.

सहाव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ठेवणं

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि सहाव्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. शिवाय या पिढीची ग्राफिक्स चिप १०-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायचा एक प्रकार) पूर्णपणे उलगडत नाही. ते सातव्या पिढीपासून जमतं. दुकानात हजार-दोन हजार वाचवण्याआधी हे बघा.

रास्पबेरी पाय ५ हा चिमुकला संगणक घेऊन ट्रान्सकोडिंगची (व्हिडिओ चालता चालता दुसऱ्या प्रकारात बदलण्याची) अपेक्षा धरू नका, त्यात हार्डवेअर एन्कोडर नाही. उबुंटूची नऊ महिन्यांत संपणारी आवृत्ती नको, दीर्घकाळ आधार मिळणारी एलटीएसच घ्या. जेलीफिनऐवजी प्लेक्स लावणार असाल तर हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे मोजावे लागतात, जेलीफिनला नाही.

जेलीफिन डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) चालवून सीपीयू शंभर टक्क्यांवर गेला म्हणून सिस्टिमला दोष देणारे पुष्कळ. डीआरआय डिव्हाइस (ग्राफिक्स चिप) कंटेनरमध्ये दिलं का, रेंडर ग्रुपचा (ती चिप वापरायची परवानगी असलेल्या गटाचा) क्रमांक दिला का, तेवढं आधी तपासा.

मराठी फाइली आणि सबटायटल

याबद्दल कुणी सांगत नाही. सर्व्हरच्या किमान इन्स्टॉलमध्ये देवनागरी फाँट नसतो. चित्रावर छापलेल्या मराठी सबटायटलच्या जागी चौकोन येतात. नोटो किंवा लोहित फाँट टाकून जेलीफिन पुन्हा सुरू करा. दुसरं, ईएक्सटी४वर फाइलीचं नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार ३ बाइट खातो. म्हणजे फार तर ८५ चिन्हं. एनटीएफएसवर २५५ चिन्हं चालतात, त्यामुळे ‘चिरंजीव’पासून ‘शुभविवाह सोहळा’पर्यंत लिहिलेली लांबलचक नावं कॉपी करताना ‘नाव फार लांब’ या एररवर अडतात. कॉपी लावून झोपायला जाण्याआधी अशी नावं विंडोजमध्येच आखूड करून घ्या.