सोयाबीनचं पीठ कडू लागू नये म्हणून

आमच्या औशाकडे शिवारभर सोयाबीन, पण पिठाच्या डब्यात मात्र क्वचितच. मी पहिल्यांदा कच्चं सोयाबीन गव्हात मिसळून थेट गिरणीतून आणलं, तर पोळ्यांना उग्र वास आला आणि धाकट्याचं पोट दुखलं. पुढे कळलं, की वास, पचायला जड जाणं आणि कडवटपणा ही तीन वेगळी दुखणी आहेत. प्रत्येकामागचे जनुक वेगळे, म्हणून उपायही वेगळे.

सुरुवात कडवटपणापासून करा, कारण तो उकळून जात नाही. त्याचं मोठं कारण म्हणजे 'अ' गटातली सॅपोनिनं (दाण्यातलीच नैसर्गिक कडवट द्रव्यं), आणि ती फक्त दाण्याच्या कोंबात असतात. सोयाबीन कडक उन्हात वाळवा आणि जात्यावर जाडसर भरडा. डाळ सुटली की जिऱ्याएवढे वाकडे, पिवळसर तुकडे दिसतील, तेच कोंब. टरफलं पाखडून काढा आणि कोंब चाळणीने वेगळे करा. आरोग्याला चांगली मानली जाणारी आयसोफ्लेव्होनं कोंबात दाट असतात हे खरं, पण कोंब दाण्याच्या वजनात जेमतेम २ टक्के. आयसोफ्लेव्होनांचा मोठा वाटा डाळीतच राहतो, त्यामुळे कोंब गेल्याची हळहळ नको.

आता वास. लायपॉक्सिजिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दाणा फुटून ओला झाला की तेलावर तुटून पडतं आणि तो हिरवट, कच्चट वास सुटतो. म्हणून डाळ कच्ची वाटायची नाही. कोमट पाण्यात भिजवून ठेवणं तर मुळीच नको; त्यात दुसरं एक विकर जागं होतं, आयसोफ्लेव्होनांना जोडलेली साखर तोडतं आणि घसा धरणारा तुरटपणा वाढतो. पाण्याला खळखळून उकळी आणा, उकळी मोडणार नाही अशा बेताने मूठमूठ डाळ सोडा आणि २५ ते ३० मिनिटं उकळा. पचनात अडथळा आणणारा ट्रिप्सिन इन्हिबिटरही याच उकळीत निकामी होतो. मग डाळ निथळा, कडकडीत वाळवा आणि ९ किलो गव्हाला १ किलो या मापाने दळून आणा.

शेत असेल तर बियाण्यापासूनच सुरुवात करता येते. इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेच्या एनआरसी १४२ या वाणात कुनिट्झ हा ट्रिप्सिन इन्हिबिटरचा प्रकार नाही आणि वास आणणाऱ्या विकराचा एक प्रकार, लायपॉक्सिजिनेज-२, पण नाही. कुनिट्झ न बनवणारा जनुक अप्रभावी असतो, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच त्याचा गुण दिसतो. साध्या वाणाशी संकर केला तर पहिल्या पिढीच्या प्रत्येक दाण्यात तो घटक असतोच. दुसऱ्या पिढीत सरासरी चारातला एक दाणा त्यातून सुटतो. असे दाणे निवडत वाण घडवायला पैदासकारांना किती वर्षं द्यावी लागतात, याचा विचार केला की मला त्या मूठभर बियाण्याचं मोल वाटतं. आयसोफ्लेव्होनांचं मात्र असं एका जनुकावर भागत नाही. तिथे अनेक जनुकं लागतात, शिवाय दाणे भरताना हवा थंड असली तर प्रमाण वाढतं.

या वाणाची डाळही उकळाच, कारण बोमन-बर्क नावाचा दुसरा इन्हिबिटर तिच्यात असतोच.

सोयाबीन स्वपरागी असल्याने घरचं बी पुढच्या साली तसंच उतरतं, फक्त भेसळ होऊ देऊ नका. मळणीयंत्र आधीच्या शेतातून आलं असेल तर ते आतून झाडून घ्या, पहिली पाटीभर रास बाजूला काढा आणि मगच बियाण्याचं पोतं लावा.