खारवलेलं मटण खारट होऊ नये म्हणून

तमिळनाडूतलं उप्पुकंडम, म्हणजे मीठ-हळद लावून दोरीत ओवून कडक उन्हात वाळवलेलं मटण, थेट रश्श्यात टाकलं की रस्सा खारट होतो आणि तुकडे चामट राहतात.

१. तुकडे चोळून धुवा. अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, ते पाणी टाकून द्या.

२. नव्या गार पाण्यात २ तास, फ्रिजमध्ये.

३. मग ताज्या पाण्यात १० मिनिटं उकळा आणि ते पाणी चमच्याने चाखा. मटण चाखण्यापेक्षा हे सोपं, कारण खारटपणा पाण्यात लगेच कळतो. जिभेला झोंबलं तर पाणी बदलून पुन्हा एकदा.

४. कुकरला ४-५ शिट्ट्या. मऊ झालेले तुकडे खलबत्त्यात हलके ठेचले तर मसाला आतपर्यंत जातो. ही पायरी मी कधीच गाळत नाही. तिळाच्या तेलात छोटे कांदे, कढीपत्ता, मिरीपूड घालून परता. मीठ अगदी शेवटी, लागलंच तर.

पाणी उडून गेल्यामुळे थोड्या तुकड्यांतही भरपूर प्रथिनं आणि लोह असतं, म्हणून माणशी ४-५ तुकडे पुरतात. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र भिजवूनही हे टाळावं.