काउलिंगची कड सरळ आणायची कशी?

व्हॅन्स या कंपनीची आरव्ही मालिकेतली विमानं अमेरिकेत कितीतरी हौशी लोकांनी घरच्या गॅरेजात जोडली आहेत. ॲल्युमिनियमला रिव्हेट मारताना ही मंडळी खुशीत असतात. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं फायबरग्लासचं झाकण, बसवायची वेळ आली, की तोंडं वाकडी होतात. पांढरी धूळ, अंगाला खाज, आणि फायरवॉलपाशी (इंजिनामागच्या आडव्या भिंतीपाशी) बॉडीचा पत्रा व काउलिंग यांच्यातली फट कुठे बारीक, कुठे रुंद! ती फट एकसारखी करता येते.

फट भरायचं रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, इपॉक्सीच घ्या. गाड्यांचे बंपर नि बोटी दुरुस्त करणाऱ्यांकडचं पॉलिएस्टर स्वस्त पडतं, पण सुकलेल्या इपॉक्सीवर ते नीट धरत नाही.

पुढची बाजू स्पिनरशी (पंख्याच्या मधल्या टोकदार टोपीशी) जुळली, की काउलिंग काढून मागची कड 80 नंबरच्या सँडपेपरनं चकाकी जाईपर्यंत घासा आणि ॲसिटोननं पुसा. रुमाल बांधून भागणार नाही, चांगला मास्क हवाच. आता बॉडीच्या पत्र्याच्या कडेवर पॅकिंग टेप लावा, एकही सुरकुती नको. खालच्या बिजागरीवरही टेप लावा. तिच्या डोळ्यांत रेझिन गेलं, तर काउलिंग कापूनच काढावं लागेल.

काउलिंग जागेवर बसवा. वेस्ट सिस्टीमचं 105 रेझिन आणि 206 हार्डनर 5:1 मापानं उथळ भांड्यात, थोडंथोडंच कालवा. खोल डब्यात साचलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेनं धुमसायला लागतं. त्यात फ्लॉक्स, म्हणजे कापसाचे बारीक तंतू, घालून चक्क्याइतकं घट्ट करा आणि फट गच्च भरा. मायक्रोबलून्स, म्हणजे बारीक पोकळ गोळ्यांची पूड, घासायला सोपे म्हणून मोह होतो. पण ते सपाट भागावर लांबी (पुटी) भरायला ठीक. कडेला वापरले तर काउलिंग चार वेळा काढ-घाल केलं की टवके उडतात.

दुसऱ्या दिवशी आधी पाण्यानं धुवा. सुकताना इपॉक्सीवर मेणचट थर येऊ शकतो, आणि न धुता घासलंत तर तो पेपरमध्ये भरतो, उरलेला पृष्ठभागावर पसरतो. मग काउलिंग उतरवून कड लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पेपरनं घासत न्या. साधारण दीड मिलिमीटर फट ठेवा. कमी नको, कारण रंगाचा थर दोन्ही कडांवर चढतो.

काउलिंगवरची टाचणीच्या टोकाएवढी भोकं मात्र रंगाऱ्यावर सोडू नका. प्रायमर त्यांच्या तोंडाशीच थांबतो आणि चकचकीत रंगाखालून ती हटकून दिसतात. नुसतं पातळ इपॉक्सी ओतून जुन्या प्लॅस्टिक कार्डानं दाबून खरवडत न्या, सुकल्यावर पुन्हा एकदा.

आतल्या बाजूलाही इपॉक्सीचा हात फिरवा, म्हणजे गळलेलं तेल फायबरग्लासच्या कापडात मुरत नाही. एक्झॉस्टच्या नळ्यांसमोर उष्णता परतवणारी ॲल्युमिनियमची चादर चिकटवा. घरगुती तापमानाला सुकलेलं इपॉक्सी तापलं, की मऊ पडतं.