भाच्याबरोबर माइनक्राफ्ट कसं खेळावं?

मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी आलेलं पोर मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलं, की "ठेव तो फोन" म्हणण्यापेक्षा दुसरा फोन घेऊन शेजारी बसा. फक्त मुकादमी त्याची, तुम्ही हाताखालचे.

पोर यायच्या आदल्या दिवशीच दोन्ही फोनवर माइनक्राफ्ट (ठोकळ्यांच्या जगात खणायचा-बांधायचा खेळ, विकत घ्यावा लागतो) अपडेट झालंय ना, बघा. व्हर्जन वेगळं असलं तर एकत्र खेळता येत नाही. दोन्ही फोन एकाच वायफायवर हवेत. नवं जग भाच्याच्या फोनवर बनवा आणि सेटिंगमध्ये मल्टिप्लेअर चालू ठेवा, म्हणजे ते तुमच्या यादीत दिसेल.

मोड सर्व्हायव्हलच घ्या, म्हणजे सगळं स्वतः गोळा करून तग धरायचा. क्रिएटिव्हमध्ये सगळं फुकट मिळतं, त्यात कसली आलीय मजा? पोर लहान असेल, खेळातल्या भुतांना घाबरत असेल तर पातळी पीसफुल ठेवा, म्हणजे भुतं येत नाहीत. कोऑर्डिनेट्स (आपण जगात कुठे आहोत ते सांगणारे आकडे) मात्र चालू कराच. "मामा, कुठेयस तू?" याला आकडे वाचून दाखवता येतात.

आता पहिला दिवस. खेळात उजेड जेमतेम १० मिनिटं असतो. झाडावर बोट दाबून धरा, ओंडका मिळतो. एका ओंडक्याच्या ४ फळ्या होतात आणि ४ फळ्यांचं कामाचं टेबल. मग मेंढ्या शोधा. एका पलंगाला ३ फळ्या आणि एकाच रंगाची ३ लोकर लागते. पलंग दोन करा, कारण दोघंही झोपल्याशिवाय रात्र सरत नाही. तुम्ही खाणीत रेंगाळलात, तर भाचा पलंगावरून ओरडत राहणार.

पायाखाली सरळ खणू नका, खाली लाव्हा असू शकतो. भाचा हे तुम्हाला दहादा सांगेल. सांगू द्या. त्याच्या पेटीतलं काही न विचारता घेऊ नका. त्याचं घरही 'नीट' करायला जाऊ नका. दार छपरात असलं तरी असू दे.

थांबायचं कधी, हे घड्याळावर ठरवू नका. "अजून दोनदा झोपलो की बंद" म्हणा. असं केलं की खेळ मध्येच तोडावा लागत नाही, म्हणून कटकट कमी होते.

जग त्याच्या फोनवर असल्यामुळे सुट्टी संपली की ते त्याच्याबरोबर जाईल. पुढेही इंटरनेटवरून खेळायचं तर दोघांची मायक्रोसॉफ्ट खाती लागतात आणि लहान मुलाच्या खात्याला पालकांची परवानगी. ताई न्यायला येईल तेव्हाच तिच्याकडून ती सेटिंग करून घ्या.