अर्ज लिहायच्या आधी कपाट उघडा

जिल्ह्यातली बातमीदारी देणग्यांवर चालवायची असं ठरलं असेल, तर प्रस्ताव लिहायला एवढ्यात बसू नका. आधी ट्रस्ट डीड, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी दाखला, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट, १२ए (ट्रस्टला आयकरातून सूट) आणि ८०जीची (देणगीदाराला करसवलत) पत्रं एका फायलीत लावा. मग शेड्यूल वनवरची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्यावरची, विश्वस्तांची नावं आजच्या नावांशी ताडून बघा. आमचे एक विश्वस्त, अण्णा, वारले, जागी नवे आले, ठरावही झाला, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे हा बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज, द्यायचा राहून गेला. मुदत असते ९० दिवसांची. देणगीदाराच्या सीएनं कागद चाळले आणि दाखल्यावर अजून जिवंत असलेल्या आमच्या अण्णांची सही मागितली! पुढचे सात महिने तारखांत गेले.

पैसा कुणाचा, हे त्यानंतर. न्यू जर्सीतला वर्गमित्र “डॉलर पाठवतो रे” म्हणाला की हुरळून जाऊ नका, पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवत असेल, तर तो परदेशी निधी धरत नाहीत. अमेरिकेचा असेल, तर मात्र परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा २०१० चा एफसीआरए कायदा आडवा येतो. नोंदणीकृत वृत्तपत्राचे संपादक, मालक, मुद्रक, बातमीदार, इतकंच काय व्यंगचित्रकारसुद्धा परदेशी निधी घेऊ शकत नाहीत. देशातल्या देशात बेंगळुरूचं इंडिपेंडंट अँड पब्लिक स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन २०१५ पासून डिजिटल माध्यमांना पैसे देत आलंय, तिथले निकष वाचून ठेवा. गावातल्या डॉक्टर-वकिलांच्या छोट्या देणग्याही कमी लेखू नका. फक्त २,००० रुपयांवर रोख घेतली तर त्यांना ८०जीची सवलत मिळत नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआय. दिवाळी अंकाच्या जाहिरातींचा हिशेबही सीएला दाखवा. ट्रस्ट आयकर कायद्यातल्या ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ कामात मोडत असेल, तर असली मिळकत एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत राहायला हवी.

अंदाजपत्रकात पगार सगळेच लिहितात. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, पहिलं अपील २० चं, प्रती २ रुपये पान. हे किरकोळ वाटतं, पण एका पाणीयोजनेची बिलं मागवली तर ६०० पानं हातात पडतात, आणि ती आणायला तालुक्याला तीन खेपा. एसटीचं भाडं, झेरॉक्स, मुक्काम, सगळं धरा. वकिलाची फी वेगळ्या रकान्यात दाखवा. बदनामीची नोटीस आल्यावर ही फी कुणाकडे मागायची सोय नसते.

शेवटचा कागद देणगीदाराबरोबरच्या कराराचा, एका पानाचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. छापण्याआधी मजकूर दाखवणार नाही, विषय सुचवता येईल पण ठरवता येणार नाही, देणगीदाराचं नाव वाचकांना कळेल, आणि बातमी त्यांच्याच कारखान्याची निघाली तर तीही छापू. यावर दोघांच्या सह्या झाल्या की मगच बँकेचा तपशील पाठवा.