कुरणातली लष्करी अळी: या चुका टाळा

कुरण एका रात्रीत फस्त झाल्यासारखं दिसतं, पण नुकसान त्याच्या आठवडाभर आधी सुरू झालेलं असतं. लष्करी अळी, म्हणजे झुंडीने गवत खाणारी एका पतंगाची अळी, साधारण सहा अवस्थांतून जाते आणि एकूण खाण्यातला 80 टक्क्यांहून अधिक वाटा शेवटच्या दोन अवस्थांत उरकते. त्याआधी ती पानाचा हिरवा भाग नुसता खरवडत असते. उपाय करायचा तो याच काळात, आणि बहुतेक चुका हा काळ हातचा जाऊ दिल्यामुळे होतात.

भर दुपारी पाहणी करणे

उन्हात अळ्या बुडख्याशी, पाचटाखाली किंवा मातीच्या भेगांत दडतात. वरून पाहून ‘काही नाही’ म्हणणं धोक्याचं. सूर्य मावळल्यावर किंवा भल्या पहाटे जा, गवत बाजूला सारून बुडखे तपासा. पानांच्या कडा कुरतडलेल्या असतील आणि खाली हिरवट ओली विष्ठा पडली असेल, तर अळी तिथेच आहे. निदान दहा ठिकाणी एकेक चौरस फूट जागा मोजा. सरासरी तीन किंवा अधिक अळ्या भरल्या, तर उपाय लगेच हवा.

दिवसाच पाहायचं असेल, तर 8 लिटर पाण्यात 30 मिलि भांडी घासण्याचा द्रवसाबण मिसळून एक चौरस मीटर जागेवर ओता. पाच-दहा मिनिटांत अळ्या वर येतात.  

हुमणी समजून औषध टाकणे

ओढल्यावर गवत मुळं तुटून सहज उपटून आलं आणि खाली इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली पांढरी अळी दिसली, तर ती हुमणी. लष्करी अळीत मुळं शाबूत असतात, पानं गायब होतात. पाण्याच्या ताणाने पान वाळतं, पण ते कुरतडलेलं नसतं.

कामगंध सापळ्यावरच विसंबणे

मादीच्या गंधाने पतंगांना ओढणाऱ्या या सापळ्यात फक्त नर अडकतात. उड्डाण कधी वाढलं हे त्यावरून कळतं, कुरणात अळ्या किती आहेत हे नाही. पतंग वाढले की आठवड्याभरात बुडखे तपासायला सुरुवात करा.

मोठ्या अळीवर जैविक औषध फवारणे

बीटी हे जिवाणूपासून बनवलेलं औषध अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, आणि दीड सेंटिमीटरपेक्षा लहान अळीवरच त्याचा भरवसा धरावा. उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून फवारणी संध्याकाळीच. डायफ्लुबेन्झुरॉन या अळीची वाढ रोखणाऱ्या रासायनिक औषधाचा परिणाम ती कात टाकताना दिसतो. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून पुन्हा फवारू नका. कोणतंही औषध असो, जनावरं किती दिवस चरायला सोडायची नाहीत हे लेबलवर आधी वाचा.

गवत उंच आणि दाट असेल तर फवारा बुडख्यापर्यंत पोहोचतच नाही. कापणीला आलेलं असेल, तर लवकर कापणं हाच उत्तम उपाय. कापल्यावर अळ्या शेजारच्या हिरव्या पट्ट्याकडे सरकतात, तेव्हा बांध तपासायला विसरू नका.

मरायला टेकलेल्या अळ्यांवर खर्च करणे

डोक्यामागे बारीक पांढरी अंडी चिकटलेली अळी परजीवी माशीच्या तावडीत सापडलेली असते. गवताच्या शेंड्याला लोंबणाऱ्या, मऊ पडून काळवंडलेल्या अळ्या विषाणूने मेलेल्या असतात. अशांचं प्रमाण जास्त असेल तर थांबा. फवारणीने हे मित्रकीटकच मरतील. बहुतेक अळ्या साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे गेल्या असतील, तर त्या दोन-तीन दिवसांत मातीत कोषात जातील. तेव्हा औषध वाया जातं. तारीख लिहून ठेवा. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पुढची पिढी अंड्यांतून बाहेर पडू शकते.

लगेच नांगरणे किंवा जनावरं सोडणे

बहुवर्षायू गवताचा वाढीचा कोंब बुडख्याशी असतो, त्यामुळे पानं गेली तरी ओल असल्यास ते पुन्हा फुटतं. नवी पालवी नीट वाढेपर्यंत चराई बंद ठेवा, कारण ती कोवळी असताना खुडली गेली तर मुळांतला साठाही संपतो.